आजोबांची स्मरणिका: तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत

आजोबा गेले की चौकात फ्लेक्स लागतो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल म्हणून तीसेक नावं आणि मधे आधार कार्डावरून कापून घेतलेला फोटो. पावसाळ्यापर्यंत तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी गेलेला असतो. दुसरीकडे वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात येते, त्यातही तीच दोन विशेषणं: मनमिळाऊ आणि परोपकारी. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा लेखी ऐवज बहुतेक घरांत एवढाच उरतो.

त्यापेक्षा बरं काही करता येतं. चाळीस-साठ पानांची एक स्मरणिका, पहिल्या वर्षश्राद्धाला हातात पडेल अशी. त्यासाठी लेखक असावं लागत नाही. चिकाटी हवी आणि चार लोकांच्या दारात जायची तयारी हवी. हे मार्गदर्शन साध्या आजोबांसाठी आहे. कुणी प्राथमिक शिक्षक, कुणी गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा सचिव, कुणी गिरणीत पाळ्या केलेला, कुणी आयुष्यभर दोन एकरांत राबलेला. ज्यांच्यावर कुणी चरित्र लिहिणार नाही, पण गावात ज्यांचं नाव घेतलं की लोक थांबून दोन वाक्यं बोलतात, असे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. आजोबांबद्दल सगळ्यात कमी माहिती घरात असते. ती पिढी घरात जेवायला आणि झोपायला यायची, बाकीचा दिवस पारावर, शेतात, देवळात, कामावर जायचा. नातवंडांना जे आजोबा माहीत आहेत ते साठीनंतरचे. त्यामुळे निम्म्याहून अधिक काम उंबऱ्याबाहेर आहे.

पहिले तेरा दिवस

या दिवसांत काही लिहायचं नाही. फक्त काही गोष्टी जाऊ द्यायच्या नाहीत.

कपडे आणि अंथरूण-पांघरूण द्यायची किंवा टाकायची पद्धत असते, ती पाळा. पण त्या धांदलीत ट्रंक, देव्हाऱ्यामागची पिशवी, गादीखालचे कागद आणि कोटाचे खिसे कुणीतरी एकदा तपासा. जुन्या डायऱ्या याच आवराआवरीत बंबात जातात. ‘हिशेबाच्या वह्या आहेत, काय करायच्या’ असं कुणी म्हणालं तर त्या आधी ताब्यात घ्या. आजोबांनी स्वतःबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नसतील, पण दूध कुणाला किती घातलं, मजुरी कुणाची राहिली, लेकीच्या लग्नात मांडववाल्याला किती दिले हे लिहिलेलं असतं. चरित्राला यापेक्षा चांगला कच्चा माल नाही.

त्यांचा मोबाइल बंद पडू देऊ नका, रिचार्ज करत राहा. त्यात फोटो असतात, जपून ठेवलेले संदेश असतात आणि कुणाला वारंवार फोन करायचे ती नावं असतात. त्यातली निम्मी नावं घरच्यांना माहीतच नसतात.

दारात एक वही ठेवा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन आणि एकच प्रश्न: ‘तुमची त्यांची ओळख कशी?’ दहाव्याला आणि तेराव्याला जेवढी माणसं एका जागी येतात तेवढी पुन्हा कधी येत नाहीत. घरात बौद्धांचं पुण्यानुमोदन असो, मुसलमानांचा चाळिसावा असो की ख्रिस्ती घरातली महिन्याची मिस्सा असो, ही वही सगळीकडे चालते. लोक पटकन लिहितात: ‘१९७२च्या कामावर एकत्र होतो’, ‘माझी दहावीची फी यांनी भरली’. पुढचं वर्षभर कुणाकडे जायचं त्याची यादी इथेच तयार होते.

सालवार तक्ता

मोठ्या कागदावर उभी साल-रेघ आखा. एका बाजूला आजोबांच्या आयुष्यातली घटना, दुसऱ्या बाजूला ती कुठून कळली.

पहिली अडचण जन्मतारखेची. दाखल्यावर १ जून असेल तर ती खरी धरू नका. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजे वय लावून १ जून लिहायचे, त्यामुळे त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पत्रिका असेल तर ती पाहा. शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८५५ हे साधारण १९३३-३४ साल. मराठवाड्यात निजामी काळातल्या कागदांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवा.

ज्यांना साल आठवत नाही त्यांना साल विचारूच नका, गावाला हलवून गेलेली घटना विचारा. पश्चिम महाराष्ट्रात पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. मराठवाड्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. गोव्यात मुक्तीचा दिवस १९ डिसेंबर १९६१. मुंबईत गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. आणि जवळजवळ सगळीकडे ७२चा दुष्काळ: खडी फोडायची कामं आणि खायला मिळालेली सुकडी, मिलो ज्वारी. ‘भूकंपाच्या वेळी थोरला पाळण्यात होता’ असं आजी म्हणाली की थोरल्याचं वर्ष पक्कं होतं.

नाण्यांवरूनही काळ कळतो. १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वहीत नुसते आणे-पै असतील तर ती बहुधा त्याआधीची. अर्थात म्हातारी माणसं त्यानंतरही कित्येक वर्षं ‘चार आणे’ म्हणत राहिली, म्हणून एवढ्यावरच साल ठरवू नका.

कागद बोलतात, पण वाचावे लागतात

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे जुना सातबारा. आपण तो बँकेसाठी काढतो आणि नावापुरता बघतो. तोच वेगळ्या नजरेने वाचा.

हाताने लिहिलेले जुने सातबारे तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, अनेक तालुक्यांचे स्कॅन सरकारी संकेतस्थळावरही आहेत. सातच्या, म्हणजे मालकीच्या भागात नावांजवळ गोल केलेले आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचे क्रमांक. त्या क्रमांकाची फेरफार नोंद मागा. वारसाच्या फेरफारात पणजोबा कधी वारले आणि मागे कोण कोण होतं, याची नावं असतात. त्यात मुलीही असतात. कित्येक घरांत विस्मृतीत गेलेली एखादी आत्या किंवा आत्याआजी पहिल्यांदा इथेच भेटते, आणि पुढच्याच फेरफारात तिने ‘हक्कसोड’ दिल्याचंही दिसतं.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीच्या किंवा भूविकास बँकेच्या कर्जाचा बोजा तिथे चढवलेला असतो. आमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या एका गटावर इंजिनासाठीचा बोजा दिसला आणि काही वर्षांनी तो कमी केल्याची नोंद. आता बाराच्या भागात, पीक पाहणीत त्याच वर्षांवर नजर टाका. आधी ओळीने बाजरी, मटकी, बाजरी, पड. बोजा चढल्यानंतर जलसिंचनाच्या रकान्यात विहीर, आणि त्यापुढच्या वर्षी पहिल्यांदा ऊस, दहा गुंठे. घरात सगळे म्हणायचे, ‘आबांनी विहीर पाडली आणि घर वर आलं.’ ते वर आलं कधी, किती कर्जावर आणि किती गुंठ्यांच्या जिवावर, हे त्या तीन रकान्यांत होतं.

पश्चिम महाराष्ट्रात आजोबा किंवा पणजोबा कूळ असतील, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसत असतील, तर ३२-ग आणि ३२-म हे आकडे कागदांवर शोधा. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. ३२-ग खाली किंमत ठरायची आणि ती फेडल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळायचं. ज्या घरात ते प्रमाणपत्र आहे त्या घराच्या गोष्टीत एक मोठं वळण आहे. आणि ज्या घराची जमीन तशी गेली, त्याही घराच्या.

शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या. शाळा कधी सोडली आणि का, हा रकाना बघा. ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांमागे गुरं राखणं असतं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बऱ्याचदा मुलाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. तेव्हा सातबाऱ्याशी आणि वंशावळीशी ताडून बघितल्याशिवाय ‘हेच आपले’ असं ठरवू नका.

एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या पूर्वार्धातले बरेच कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारी माणसं आता जिल्ह्या-जिल्ह्यांत मिळतात, पुरालेख विभागाचे वर्गही होतात. मोबाइलवर नीट फोटो काढून पाठवला तरी काम होतं. मराठवाड्यातले कागद उर्दूत असतील तर आधी गावातल्याच एखाद्या वृद्ध मुस्लिम गृहस्थाला विचारा. ते वाचतीलही आणि त्या काळाबद्दल चार गोष्टी सांगतीलही.

फौजेतून आलेल्या आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सांभाळा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावात आहे, आणि अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की कधीकधी पणजोबांच्या हातची सही निघते. ही फेरी हौसेची आहे. वेळ नसेल तर सोडून द्या.

गावाच्या वह्या

आजोबा ‘गावाचा माणूस’ होते असं म्हणायचं असेल तर गावाच्या वह्या उघडायला हव्यात. ग्रामपंचायतीचं आणि सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, दूध डेअरीचं रजिस्टर, जत्रेची आणि गणपतीची वर्गणी वही, भजनी मंडळाच्या पेटी-पखवाजाचा हिशेब, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे अहवाल. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी गावांची शाळा, देऊळ, पाण्याची टाकी या मंडळांच्या पावत्यांवर उभी आहे, आणि त्या पावत्या गिरणगावातल्या एखाद्या गाळ्यातल्या पेटीत असतात.

प्रोसिडिंग बुकात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी नावं असतात. आबांचं नाव शोधत मी सोसायटीची जाड वही चाळली. ते एकदाही सूचक नाहीत. अनुमोदक मात्र पानोपानी. पारावर सगळं ठरवून टाकायचे, मांडायला दुसऱ्याला लावायचे आणि बैठकीत ‘अनुमोदन’ म्हणून बोट वर करायचे. त्यांचा स्वभाव सांगायला मला नंतर वेगळं वाक्य लिहावं लागलं नाही.

शाळेच्या बांधकामाच्या वर्गणी वहीत रोख रकमेच्या रकान्यात काहींच्या नावापुढे ‘दगड ३ गाड्या’ किंवा ‘अंगमेहनत ५ दिवस’ असं लिहिलेलं सापडतं. पैसे नसलेल्या माणसाची नोंद तीच. ती जशीच्या तशी छापा.

घरातली आहेराची वहीसुद्धा गावाचीच वही आहे. कुणी सव्वा रुपया दिला, कुणी पातेलं, कुणी नुसता टॉवेल-टोपीचा मान केला, यावरून त्या काळी कोण किती जवळचं होतं हे कळतं. एखादं नाव दोन लग्नांत आहे आणि तिसऱ्यात नाही, असं दिसलं तर मधे काहीतरी बिनसलेलं असतं. ते विचारायचं धाडस असेल तर विचारा.

माणसांशी बोलणं

पहिली फेरी आत्यांकडे. सासरी गेलेल्या मुलींना माहेरचं घर लग्नाच्या दिवशी होतं तसं लख्ख आठवतं. घरात राहिलेल्या मुलांच्या आठवणींवर नंतरची वर्षं चढलेली असतात. तीन आत्या असतील तर तिघींची तीन सालातली तीन घरं मिळतात.

मग बाहेर. बांधकरी, किराणा दुकानदार, दाढी करणारे, त्यांच्या गाडीचे सोबती, वारीतले दिंडीकर, शिक्षक असतील तर पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. खानापूर-आटपाडीकडचे आजोबा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळात किंवा तमिळनाडूत राहिलेले असतील तर तिथला त्यांचा जोडीदार फोनवर गाठा. आणि ज्यांच्याशी आजोबांचं वाकडं होतं त्या भावकीतल्या माणसाकडे नक्की जा. बांधाच्या दाव्यातल्या तारखा त्याला तोंडपाठ असतात. बहुतेकदा तो चांगलंच बोलतो. भांडणारा माणूस निघून गेला की भांडणाऱ्याचंही काहीतरी जातं.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत विचारल्याशिवाय ‘सर्वांना धरून राहणारे’ हे शब्द लिहू नका. आजोबा आपल्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे का, चहाचा कप वेगळा होता का, हे तिथलीच माणसं सांगतील. उत्तर कधी अभिमान वाटावा असं येतं, कधी मान खाली जावी असं.

‘आजोबा कसे होते?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘देवमाणूस’ हे एकच उत्तर येतं आणि तिथेच बोलणं संपतं. असे प्रश्न विचारा:

– सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय करायचे?
– राग आला की काय म्हणायचे? शिवी कोणती द्यायचे?
– त्यांना पैसे मागायला गेलात तर काय व्हायचं?
– त्यांच्या हातची कोणती वस्तू अजून वापरात आहे?
– कुणाला घाबरायचे?
– त्यांनी तुम्हाला शेवटचं काय सांगितलं होतं?

उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. म्हातारी माणसं थांबतात, पानाचा डबा उघडतात, चुना लावतात, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. एका बैठकीत तासाभराहून जास्त नको. निघताना दारात, चपला घालताना जे सांगतात ते सर्वांत चांगलं असतं, म्हणून रेकॉर्डिंग गेटपर्यंत चालू ठेवा. चालू आहे हे त्यांना माहीत असू द्या.

रेकॉर्डिंगसाठी साधा मोबाइल पुरतो. फ्लाइट मोड लावा, पंखा बंद करा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्हीच बोला. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला नाव द्या, नाहीतर महिन्याभराने ‘रेकॉर्डिंग १४’ म्हणजे कोण ते कळत नाही. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या घरातल्या पेनड्राइव्हवर.

बोली बदलू नका. ‘आमी तवा ल्हान व्हतो’ हे छापताना ‘आम्ही तेव्हा लहान होतो’ केलंत तर माणूस पुसला जातो. पायली, अधोली, शेर ही मापंही तशीच ठेवा, हवं तर शेवटी एका ओळीत अर्थ द्या.

फोटो

थोडक्यात सांगतो, कारण इथे करण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टी जास्त आहेत. जुना फोटो लॅमिनेट करू नका. काचेला चिकटलेला ओढून काढू नका, काचेसकटच तिरक्या उजेडात फोटो घ्या. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. छोट्या फोटोंचं स्कॅन ६०० डीपीआयवर, कागदपत्रांचं ३०० वर. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर छपाईला गेल्यावर चेहरे विरघळतात.

लग्नाच्या ग्रुप फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, आकडे द्या आणि तो कागद घेऊन नातेवाइकांत फिरा. नावं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत, हे काम आधी करा. आणि आजोबांचा हार घातलेला, टिळा लावलेला फोटो मुखपृष्ठावर घेऊ नका. त्यांचा काम करतानाचा एखादा शोधा, हलला असला तरी चालेल.

लिहिताना

जन्मापासून सुरुवात करायची गरज नाही. त्यांच्या एका सर्वसाधारण दिवसापासून करा, पहाटेपासून रात्रीपर्यंत. मग काळ मागे नेता येतो. पुढचे भाग कामानुसार पाडा: शेत, नोकरी, गाव, घर, आजारपण. वाचकाला पानभर मजकुरात एक तरी वस्तू, एक तरी जागा आणि त्यांच्या तोंडचं एक तरी वाक्य मिळालं पाहिजे.

नमुना बघा. बहुतेक स्मरणिकांत असं असतं: ‘कै. आबा हे अत्यंत मनमिळाऊ व परोपकारी व्यक्तिमत्त्व होते. गावातील प्रत्येकाच्या सुखदुःखात ते सहभागी होत असत.’

आता तीच गोष्ट अशी लिहा: ‘गावात कुणीही गेलं तरी तिरडी आबा बांधायचे. भावकीतलं असो-नसो. बांबू किती, सुतळी किती, मडकं कुणाकडून, हे त्यांना तोंडपाठ. गाठ मात्र दुसऱ्याला मारू द्यायचे नाहीत. “ढिली पडली तर खांदेकऱ्याचा तोल जातो,” म्हणायचे. परत आले की परड्यात अंघोळ, आणि त्या रात्री जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत.’ परोपकारी हा शब्द कुठे आला नाही आणि त्याची उणीवही भासली नाही.

दोन माणसांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही छापा, नावानिशी. विहिरीला पाणी कुठल्या हाताला लागलं यावर आमच्याकडे चुलत्यांचे दोन पक्ष आहेत, आणि स्मरणिकेत ते तसेच शेजारी शेजारी आहेत.

अवघड जागा येतात: दारू, पहिली बायको, वाटणीतला अन्याय, एखाद्या मुलाशी कायमचं तुटलेलं. माझं मत असं की ज्या गोष्टीने आजोबांचं आयुष्य वळलं ती टाळू नये, आणि जी नुसती चघळायला बरी ती घेऊ नये. हयात माणसाबद्दल असेल तर तो मजकूर आधी त्यालाच वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर काढा. तेवढ्यासाठी घर मोडायचं नाही. पण ‘आबांनी उभ्या आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही’ असं खोटंही लिहू नका. सगळं गाव हसतं.

आजीला एका परिच्छेदात गुंडाळू नका. ‘त्यांच्या पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली’ या वाक्याखाली चार बाळंतपणं, दोन दुष्काळ आणि पहाटेचं जातं गाडलेलं असतं. ते गावासाठी फिरत होते तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांना कोण वाढत होतं? तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, लग्नात बदललेलं नाव हे सगळं वंशावळीत घाला. वंशावळीत फक्त मुलगे काढायची पद्धत आता सोडून द्या. लेकी, त्यांची सासरची गावं, लहानपणी गेलेली मुलं, सगळी घ्या. लहानपणी गेलेल्या मुलांची नावं आजी हळू आवाजात सांगते. ती नीट लिहून घ्या.

छपाई

पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, कित्येक शेकडा हव्या असतील तर ऑफसेटचा विचार करा. डेमी आकार हातात बरा बसतो. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि साठ-सत्तरच्या पुढे गेलात तर पाठीला गोंद लावून बांधणी करावी लागते. म्हाताऱ्या वाचकांसाठी अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको.

डीटीपीवाल्याला मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि त्याने तो श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फिरवला तर रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. ‘सूर्याजी’चा ‘सूयार्जी’ होतो. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर घ्या आणि दोघांनी वाचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ प्रत समोर धरून. प्रत्येक नाव त्या त्या घरी फोन करून तपासा. एखाद्या काकांचं नाव गाळलंत तर पुढची दहा वर्षं तेवढंच ऐकावं लागतं.

जुना सातबारा किंवा पासबुक चित्र म्हणून छापणार असाल तर गट नंबर, खाते नंबर आणि आधारचे आकडे झाका.

खर्च भावंडांत वाटून घ्या आणि आतल्या पानावर ‘सौजन्य’ कुणाचंही टाकू नका. स्थानिक पुढाऱ्याचा शुभसंदेश तर अजिबात नको. त्याचा फोटो आजोबांच्या फोटोपेक्षा मोठा छापायचा आग्रह होतो, एवढंच सांगतो.

वाटप आणि त्यानंतर

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी प्रती घरात असाव्यात. पहिल्या प्रती बोललेल्या माणसांना, त्यांच्या घरी जाऊन द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांचं पान तिथेच वाचून दाखवा. गावच्या वाचनालयात दोन, शाळेत एक, ग्रामपंचायतीच्या कपाटात एक, मुंबईच्या मंडळात एक द्या. प्रकाशन सोहळा, हार, शाल हे ज्याच्या त्याच्या हौसेवर. आमच्याकडे भजन झालं आणि प्रसादाबरोबर प्रती दिल्या.

शेवटची चार पानं कोरी सोडा आणि वर एवढंच छापा: ‘चुकलेलं, राहिलेलं इथे लिहा आणि फोटो काढून पाठवा’, खाली एक फोन नंबर. लोक पाठवतात. ‘पान २१वर ती गाय नव्हती, म्हैस होती.’ ‘बोजा इंजिनाचा नव्हता, बैलजोडीचा होता, माझ्या बापाने जामीन दिला होता.’ असे निरोप एका वहीत तारखेनिशी उतरवून ठेवा आणि मूळ रेकॉर्डिंगच्या पेनड्राइव्हशेजारीच ती वही असू द्या. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली, तर कामाला जो कुणी बसेल त्याच्या हातात आधी ती वही द्या.